रोखेबाजाराचा व्यवसाय आणि आपले विद्यार्थी



महाविद्यालयात शिकणारा आपला मुलगा किंवा मुलगी एखाद्या रात्री जेवताना म्हणाली की, ‘मला शेअरबाजारात ट्रेडर व्हायचे आहे’, तर आपण काय उत्तर द्याल? माझ्या अनुभवाप्रमाणे अशा वेळी आपल्या घरांतून दोनच उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, ‘हा जुगार आहे. पुन्हा नाव काढू नकोस. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर.’ दुसरे उत्तर असे की, ‘आम्हाला त्यातले काही कळत नाही. तुला कळत असेल तर कर’, आणि मग काही रक्कम त्याच्या हाती ठेवली जाते. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या उत्तराने एका विद्येचे दार आपण आपल्याच हाताने बंद करतो. दुसऱ्या उत्तराने मुलाला विद्येवाचून बाजारात लोटतो. या दोहोंपलीकडे एक तिसरे उत्तर आहे, आणि ते आपणांपुढे मांडावे म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

हे लिहिण्यास निमित्तही घडले आहे. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्या कचेरीत आले. चतुर्थ श्रेणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले, शब्द मोजून बोलणारे. त्यांचा मुलगा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने मोबाइलवर खाते उघडले आणि ऑप्शनचे व्यवहार सुरू केले. आरंभी थोडा नफा झाला. मग शिष्यवृत्तीचे पैसे गेले, मग आईने बचत गटातून उचललेले कर्ज गेले, आणि शेवटी मोबाइलवरूनच काढलेले कर्जही गेले. एकूण रक्कम अडीच लाखांच्या घरात होती. कागदांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, ‘वकीलसाहेब, त्या कंपनीवर दावा लावता येईल ना?’

मी सर्व कागद दोनदा वाचले आणि त्यांना सांगितले की, दावा लावता येणार नाही. खाते मुलाच्या नावाचे होते, मुलगा सज्ञान होता, प्रत्येक सौदा त्याने स्वतःच्या हाताने केला होता आणि प्रत्येक सौद्याची कंत्राट-चिठ्ठी त्याच्या ई-मेलवर त्याच दिवशी आली होती. दलाल पेढीने कायदा मोडल्याचे कोठेही दिसत नव्हते. ‘पण हा तर जुगार आहे, आणि जुगाराचे पैसे कायद्याने मागता येत नाहीत ना?’ त्यांचा हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम ३० असे सांगते की, पैजेचा करार शून्य असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. परंतु रोखे करार (विनियमन) अधिनियम, १९५६ यात १९९९ साली कलम १८-अ घालण्यात आले. मान्यताप्राप्त शेअरबाजारात झालेले फ्युचर व ऑप्शन यांचे करार त्या कलमाने वैध ठरवले आहेत. म्हणजे मुलगा मनाने पैज खेळत होता, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो पुरता बांधील असा व्यापारी करार करीत होता. पैज हरणाऱ्याला कायदा जे संरक्षण देतो, तेही त्याला उरले नव्हते. पक्षकाराला ‘उपाय नाही’ असे सांगण्याचा प्रसंग वकिलावर अनेकदा येतो. तरी त्या गृहस्थांनी कागद पुन्हा पिशवीत भरले, तो क्षण माझ्या मनातून जात नाही.

हे एका घराचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सेबी ही सरकारी संस्था आहे. तिने २०२४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेला अहवाल पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. खर्च धरून तोट्याची सरासरी दर माणशी सुमारे २ लाख रुपये पडली, आणि एकंदर तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक झाला. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे लोक शंभरात एक निघाले. यापुढचे आकडे आपण विशेष लक्षपूर्वक वाचावेत. २०२३-२४ साली या व्यवहारांत पडलेल्या व्यक्तींपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी असल्याचे सांगितले होते. तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले होते. सेबीने २०२५ च्या जुलैत पुढील वर्षाचा हिशेब प्रसिद्ध केला, त्यातही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते.

मग हा पैसा गेला कोठे? त्याच अहवालात याचेही उत्तर आहे. २०२३-२४ या वर्षी, खर्च वजा करण्यापूर्वी, स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये नफा मिळवला. या दोघांच्या नफ्यापैकी शेकडा ९६-९७ हिस्सा संगणकाच्या आज्ञावलीने केलेल्या व्यवहारांतून आला होता. या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. एका बाजूला गणित, संख्याशास्त्र आणि संगणकविद्या शिकलेल्या माणसांची फौज आहे, अफाट भांडवल आहे, आणि डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी शेकडो सौदे पुरे करणारी यंत्रे आहेत. दुसऱ्या बाजूला शेवटच्या बाकावर बसून, पुस्तकाआड मोबाइल धरून, शिष्यवृत्तीच्या पैशाने सौदे करणारा आपला मुलगा आहे. शेअरबाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. महाविद्यालयाचे तासही नेमके त्याच वेळात असतात. तेव्हा त्या तासांत तो पैसा तर घालवतोच, आणि ज्या विद्येच्या बळावर त्याला पलीकडच्या बाजूस जाऊन बसता आले असते, ती विद्याही घालवतो.

‘पलीकडची बाजू’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. ट्रेडर हा एक खराखुरा व्यवसाय आहे आणि समाजाला त्याचा उपयोग आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. एक उदाहरण घ्या. नाशिकचा एक द्राक्ष निर्यातदार नेदरलँडला माल पाठवतो. पैसे युरोमध्ये आणि तीन महिन्यांनी मिळणार आहेत. त्या अवधीत युरोचा भाव पडला, तर शेतकऱ्याला कबूल केलेला दर देणे त्याला जड जाईल. म्हणून तो बँकेकडे जातो आणि तीन महिन्यांनंतरचा भाव आजच ठरवून घेतो. हा भाव सांगणारा आणि बँकेवर आलेली ती जोखीम परकीय चलनाच्या बाजारात उतरवणारा जो माणूस बँकेच्या कोषागार विभागात बसलेला असतो, तो डीलर, म्हणजेच ट्रेडर. सरकार कर्जरोखे काढून पैसा उभारते. ते रोखे बँका, विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्यासाठी घेणारे-विकणारेही याच व्यवसायातले असतात. आपल्या म्युच्युअल फंडातील मासिक हप्त्याचे शेअर प्रत्यक्षात खरेदी करणारा डीलर हाही त्यांच्यातलाच.

या माणसात आणि मोबाइलवरच्या मुलात मुख्य फरक तीन आहेत. पहिला फरक असा की, तो संस्थेच्या भांडवलावर व्यवहार करतो आणि महिन्याकाठी पगार घेतो. आईचे मंगळसूत्र त्याने पणाला लावलेले नसते. दुसरा फरक असा की, त्याला मर्यादा आखून दिलेली असते. अमुक तोट्यापलीकडे गेलास की सौदा मोडायचा, हा नियम त्याच्या मर्जीवर सोडलेला नसतो. त्यावर लक्ष ठेवणारा विभाग वेगळा आणि हिशेब जुळवणारा विभागही वेगळा असतो. ही व्यवस्था ढिली पडली की काय होते, हे १९९५ साली जगाने पाहिले. १७६२ साली स्थापन झालेली बेअरिंग्ज ही इंग्लंडची जुनी पेढी सिंगापूर येथील निक लीसन या एकट्या ट्रेडरच्या सौद्यांनी बुडाली. लीसन त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. सौदे करणे आणि त्यांचा हिशेब ठेवणे ही दोन्ही कामे पेढीने त्याच्याच हाती ठेवली होती, आणि त्याने तोटा लपवीत नेला. विचार करा, मोठमोठ्या पेढ्यांतही एकट्या माणसावर ही दोन्ही कामे सोपवणे घातक ठरते. मग वसतिगृहाच्या खोलीत एकटाच सौदा करणारा, एकटाच हिशेब ठेवणारा आणि घरच्यांपासून तोटा लपवणारा मुलगा कोणाच्या देखरेखीखाली असतो? तिसरा फरक शिक्षणाचा आहे, आणि बाकीचे दोन फरक त्यातूनच उत्पन्न होतात. शिक्षणाच्या दाराने आत गेलेल्याला भांडवल आणि शिस्त संस्था पुरवते. मोबाइलच्या दाराने गेलेल्याला दोन्ही स्वतःच्या घरातून आणावी लागतात.

येथे एक इतिहास सांगणे अवश्य आहे. पुष्कळांना तो ठाऊक नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि अर्थशास्त्र शिकले. पुढे लंडनमध्ये अभ्यास चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत झालेली मानहानी आपणांस माहीत आहेच. तेथून मुंबईस आल्यावर चरितार्थासाठी त्यांनी जे उद्योग केले, त्यांत शेअर व रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय हा एक होता. सल्ल्याची योग्यता वादातीत होती. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पैसा साठवला, आणि १९२० साली पुन्हा लंडनला जाऊन अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा केला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. १९२५ साली भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. शेअरबाजाराच्या गल्लीत ज्यांचा सल्ला केवळ जातीमुळे नाकारला गेला, त्यांनाच सात-आठ वर्षांनी देशाच्या चलनावर मत देण्यास बोलावण्यात आले.

या इतिहासातून मी दोन बोध घेतो. पहिला असा की, हा व्यवसाय आपल्याला परका नाही. तो आपल्याला नाकारला गेला होता, ही गोष्ट निराळी. म्हणून ‘हे आपले काम नव्हे’ असे मुलांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरा बोध असा की, दार बंद झाल्यावर बाबासाहेबांनी आडवाट धरली नाही; त्यांनी विद्या पुरी केली. आज शेअरबाजाराचा संगणक सौदा जुळवताना भाव आणि वेळ एवढेच पाहतो, जात पाहत नाही. हे चांगलेच आहे. परंतु तो सौदा करणाऱ्याचे ज्ञानही पाहत नाही, हे विसरू नये. माणसाचे ज्ञान पाहतात ते नोकरीच्या मुलाखतीत, आणि तेथे अजूनही ओळखी, शाळेचे नाव आणि इंग्रजीचा उच्चार यांचे वजन पडते. खासगी पेढ्यांना आरक्षणाचे बंधन नाही. यास्तव आपल्या मुलाची तयारी अशी असली पाहिजे की, ती नाकारताना समोरच्याला कारण सापडू नये.

ही तयारी कशी करावी? विद्यापीठाची तीन-चार वर्षे त्यासाठी पुरेशी आहेत, मात्र ती वाया जाता कामा नयेत.

पहिल्या वर्षी पाया घालावा. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांपैकी एक विषय मुख्य असल्यास उत्तम. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्राचा अभ्यास जोडून घ्यावा. संभाव्यता, म्हणजे घटना घडण्याच्या शक्यतेचे गणित, हा या व्यवसायाचा प्राण आहे. एक साधी गोष्ट पाहा. शंभर रुपयांतले पन्नास गेले, तर तोटा पन्नास टक्के झाला. परंतु उरलेल्या पन्नासाचे पुन्हा शंभर करण्यास शंभर टक्के नफा लागतो. ज्याला हे उमगले, तो तोटा भरून काढण्यासाठी दुप्पट रक्कम लावणार नाही. ताळेबंद वाचण्यास याच वर्षी शिकावे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि रिझर्व्ह बँकेची पत्रके संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीचे दडपण बाळगू नये, तसा इंग्रजीचा आळसही करू नये. रोज एक पान वाचून त्याचा सारांश लिहावा.

दुसऱ्या वर्षी हत्यारे हाती घ्यावीत. हिशेबाचे तक्ते संगणकावर सफाईने करता आले पाहिजेत, आणि पायथॉनसारखी एक संगणकभाषा शिकलीच पाहिजे, कारण नफा आज कोणत्या मार्गाने मिळवला जातो हे आपण वर पाहिले. राष्ट्रीय रोखेबाजार संस्था, म्हणजे एनआयएसएम, ही सेबीने स्थापन केली असून तिचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. ती शेअरबाजाराच्या निरनिराळ्या कामांसाठी प्रमाणपत्र परीक्षा घेते. दलाल पेढीत शेअरच्या फ्युचर-ऑप्शनचे सौदे प्रत्यक्ष करणाऱ्या कर्मचाऱ्याला यांतील आठव्या मालिकेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती परीक्षा विद्यार्थ्यालाही देता येते. एखाद्या शिकवणीला हजारो रुपये देण्यापूर्वी एनआयएसएमचे पुस्तक वाचून ही परीक्षा द्यावी, म्हणजे विषयाची गोडी खरी की पैशाची, हे त्याचे त्यालाच कळेल.

याच वर्षी कागदावरचा व्यापार सुरू करावा. म्हणजे प्रत्यक्ष पैसा न लावता वहीत सौदा लिहायचा: काय घेतले, कोणत्या भावाने, का घेतले, आपण चुकलो हे कोणत्या भावाला मान्य करणार, दलाली व कर किती पडला, आणि अखेर काय झाले. असे दोनशे सौदे लिहून झाल्यावर बेरीज करावी. वहीत खाडाखोड करू नये. तोटा झालेला सौदा गाळू नये. ज्याला स्वतःच्या वहीत खरे लिहवत नाही, तो या व्यवसायास लायक नाही असे खुशाल समजावे. मुलाखतीच्या वेळी अशी प्रामाणिक वही पुढे ठेवणारा विद्यार्थी नफ्याच्या बढाया मारणाऱ्यापेक्षा उजवा ठरेल, असा माझा विश्वास आहे.

तिसऱ्या वर्षी दारे ठोठवावीत. सुट्टीत दलाल पेढी, बँक, सहकारी बँकेचा गुंतवणूक विभाग किंवा सनदी लेखापालाची कचेरी येथे उमेदवारी करावी. काम हिशेब जुळवण्याचे मिळाले तरी कमी लेखू नये. सौद्याचा पैसा प्रत्यक्षात कसा फिरतो हे तेथेच कळते. पुढे शिकायचे असल्यास संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, रिझर्व्ह बँकेने गोरेगाव येथे १९८७ साली स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था असे मार्ग आहेत. रिझर्व्ह बँकेचे ‘ब’ श्रेणीचे अधिकारी आणि सेबीचे ‘अ’ श्रेणीचे अधिकारी यांच्या भरतीत अनुसूचित जातींसाठी आरक्षण आहे, आणि १९९० सालच्या कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या आहेत. तेव्हा जातीच्या दाखल्याचे आणि पडताळणीचे कागद पहिल्याच वर्षी तयार ठेवावेत. ऐनवेळी कागदावाचून संधी गेलेली मी पाहिली आहे.

या तयारीचा सर्वांत मोठा गुण मला हा वाटतो की, ती वाया जात नाही. समजा, मुलगा ट्रेडर झाला नाही. तसे होणे अगदी संभवनीय आहे; जागा थोड्या आणि उमेदवार फार. तरी संख्याशास्त्र, हिशेब आणि संगणक शिकलेला तरुण बँकेत, विम्यात, रिझर्व्ह बँकेत, कोठेही उभा राहू शकतो. तीच तीन वर्षे मोबाइलवर सौदे करण्यात घालवणाऱ्याच्या हाती अखेर काय उरते? कर्ज आणि नापास झालेले विषय.

आता वकील या नात्याने काही गोष्टी निक्षून सांगतो.

दुसऱ्याचे पैसे घेऊन ‘मी तुम्हाला महिन्याला पाच टक्के मिळवून देतो’ असे कोणासही सांगू नये. मुलगा हे उत्साहाने करतो. वस्तीतले लोक विश्वासाने पैसे देतात. परंतु सेबीच्या नोंदणीवाचून दुसऱ्याचा पैसा असा सांभाळणे नियमबाह्य आहे. शिवाय ठेवी परत करता न आल्यास महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ याखाली फौजदारी खटला होऊ शकतो. एका गुन्ह्याच्या नोंदीने सरकारी नोकरीची वाट अडते, हे सांगावयास नकोच.

आपले बँक खाते किंवा डिमॅट खाते कोणास भाड्याने वा मैत्रीखातर वापरावयास देऊ नये. त्या खात्यातून गेलेल्या पैशाचा जाब प्रथम खातेदारास द्यावा लागतो. बाजाराबाहेर चिठ्ठ्यांवर चालणारा ‘डब्बा’ पूर्णपणे बेकायदेशीर आहे; तेथे जिंकलेले पैसेही मागता येत नाहीत. टेलिग्राम वा व्हॉट्सॲपवर ‘हे घ्या, ते विका’ असे सांगणाऱ्याची सेबीकडे सल्लागार किंवा संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी आहे काय, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणी नसल्यास त्याचे ऐकू नये, मग त्याची मोटार कितीही मोठी असो. आणि नोंदणीकृत दलालाने खरोखरच अन्याय केला असेल, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या व्यवस्थेत तक्रार विनामूल्य करता येते. कायदा फसवल्या गेलेल्याच्या मदतीस येतो. मात्र ज्याने स्वतःच्या हाताने, डोळे उघडे ठेवून तोटा केला, त्याच्या मदतीस तो येत नाही. माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांची अडचण नेमकी हीच होती.

शेवटी आई-वडिलांना विनंती. आपल्या पुष्कळ घरांत पदवीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी आहे. श्रीमंताच्या मुलाचे अडीच लाख गेले तर त्याच्या घरी रागावणे होते. आपल्या घरी बहिणीचे शिक्षण थांबते. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला उपदेश करताना जुगार हे संपत्तीच्या नाशाचे एक द्वार सांगितले आहे. त्याच उपदेशात मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगास, दोन उद्योगास आणि चौथा संकटकाळासाठी ठेवावा असेही सांगितले आहे. उद्योगाला त्यांनी दोन भाग दिले, म्हणजे व्यापाराचा तिरस्कार केला नाही. परंतु संकटकाळाचा भाग वेगळा ठेवण्यास सांगितले. बचत गटाचे कर्ज, शिष्यवृत्ती, खोलीच्या भाड्याचे पैसे हा आपला तो चौथा भाग आहे. त्याला बाजाराचा स्पर्श होऊ देऊ नये.

मुलगा किंवा मुलगी ‘ट्रेडर व्हायचे आहे’ असे म्हणाली, तर रागावू नका आणि पैसेही देऊ नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा: संख्याशास्त्राचा निकाल काय लागला? कोणती परीक्षा दिलीस? तुझी सौद्यांची वही दाखव. त्यात तोटा कोठे लिहिला आहे? आपल्याला शेअरबाजार कळत नसला तरी हे प्रश्न विचारता येतात आणि उत्तर देताना मुलाची नजर वळते की नाही, हेही पाहता येते. आणि तोटा होऊन गेलाच असेल, तर तो त्याला पहिल्याच दिवशी घरी सांगता यावा एवढा धीर घरात ठेवा. दहा हजारांचा तोटा लपवावा लागला म्हणून त्याचे अडीच लाख होतात. त्या गृहस्थांचा मुलगा वडिलांच्या रागाला भिऊन आठ महिने गप्प राहिला होता.

तो मुलगा आज एका लेखापालाच्या कचेरीत काम करून कर्ज फेडीत आहे आणि राहिलेले विषय देत आहे. मागच्या महिन्यात वडिलांबरोबर येऊन गेला. त्याने मला विचारले, ‘सर, आता या क्षेत्राचे नावच काढायचे नाही ना?’ मी त्याला उत्तर दिले, ‘नाव जरूर काढ. मात्र पुढच्या वेळी पगार घेऊन आत जा, आणि त्याआधी संख्याशास्त्राचा पेपर सोडव.’ हेच उत्तर आपण आपल्या घरी द्यावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.